दुकानाच्या वीजबिलात आपल्या हातात काय असतं?

मार्चच्या शेवटी लालबागच्या मसाला बाजारात शिरलं की डोळ्यांआधी नाकाला कळतं आपण कुठे आलो ते. भाजलेल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बायका नंबर लावून बसलेल्या असतात आणि आत कांडप यंत्राची लोखंडी मुसळं खालीवर आपटत असतात. मी आसपासच्या छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिते. अशाच एका कांडपवाल्या काकांनी मागच्या हंगामात वीजबिल माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "ताई, दुसऱ्या कंपनीत गेलो तर महिन्याला किती वाचतील?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी कोणीतरी विचारतं. वेळेनुसार दर, स्मार्ट मीटर, सोलर हे शब्द रोज कानावर पडतात आणि मोबाइलच्या रिचार्जसारखा विजेचाही एखादा स्वस्त प्लॅन असेल असं वाटायला लागतं. तसा तयार प्लॅन नसतो. मुंबईत कोणत्या कंपनीने कोणाकडून किती दर घ्यायचा हे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. दुकानदार घासाघीस करू शकत नाही. पण धंदा कोणत्या वर्गात नोंदवलाय, भार किती मंजूर करून घेतलाय, वीज कोणत्या तासांना वापरतो आणि (काही भागांत) कोणाकडून घेतो, हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतं. यातली कंपनीची निवड सगळ्यांत शेवटी येते, आणि लोक नेमके तिथूनच सुरुवात करतात.

काकांच्या बिलात पैसे कंपनीमुळे जातच नव्हते. ते कुठे जात होते ते पुढे सांगते, आधी बिल उलगडू.

एका रकमेत किती रकमा असतात

बिलाच्या शेवटची रक्कम बघून आपण उसासा टाकतो, पण ती बऱ्याच रकमांची बेरीज असते. 'स्थिर आकार' म्हणजे एक युनिटही जाळलं नाही तरी द्यायचे पैसे. लोकलच्या पाससारखे, प्रवास करा किंवा नका करू. 'वीज आकार' म्हणजे वापरलेल्या युनिटांचे पैसे, टॅक्सीच्या मीटरसारखे. १००० वॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट. 'वहन आकार' म्हणजे तारांचं भाडं. 'इंधन समायोजन आकार' म्हणजे कोळसा, गॅस किंवा विकत घेतलेली वीज अंदाजापेक्षा महाग किंवा स्वस्त पडली त्याचा फरक. तो महिन्यागणिक बदलतो. वर राज्य सरकारचं वीज शुल्क आणि वीज विक्री कर.

वीज शुल्काकडे सहसा कोणी बघत नाही. घरगुती जोडणीला ते १६ टक्के आणि वाणिज्यिक जोडणीला २१ टक्के. उद्योगांना याहून बरंच कमी. टक्केवारी असल्यामुळे वरचे आकार वाढले की तेही आपोआप वाढतं. "युनिटचा दर आठ आणे कमी आहे" एवढं ऐकून कोणी निर्णय घेऊ लागलं की मी म्हणूनच थांबवते. दर एका ओळीत कमी आणि दुसऱ्या ओळीत जास्त असू शकतो. तुलना करायची तर शेवटच्या रकमेची, आणि तीही बारा महिन्यांची.

तुमचा धंदा कोणत्या वर्गात बसतो?

काकांच्या बिलावर वर्ग होता वाणिज्यिक. त्या गाळ्यात आधी कापडाचं दुकान होतं. काकांनी गाळा घेतला, जोडणी नावावर करून घेतली, यंत्रं बसवली, पण वर्ग बदलायचा अर्ज कोणी केलाच नाही. आयोगाच्या दरपत्रकात पिठाची गिरणी, डाळ मिल, पोहे मिल आणि मसाला मिल यांची नावं चक्क उद्योग वर्गात लिहिलेली आहेत. बर्फाचा कारखाना आणि आइस्क्रीम बनवणारेही तिथेच. म्हणजे काका कित्येक वर्षं कापडाच्या दुकानाचा दर भरत मसाला कांडत होते.

उलटही घडतं. शिलाईच्या दुकानात दहा मशिनं खडखडत असली आणि तो कारखानाच वाटला, तरी टेलरिंग आणि लाँड्री वाणिज्यिक वर्गात येतात. तिथे "आम्हीही कष्टच करतो" हा युक्तिवाद चालत नाही. दरपत्रकात काय लिहिलंय तेच बघावं लागतं. एकाच गाळ्यात पुढे विक्री आणि मागे कांडप असेल तर मुख्य वापर कोणता, याची तपासणी होते.

घरून धंदा करणाऱ्या बायकांसाठी यात एक महत्त्वाची सोय आहे आणि ती फार कमी जणींना माहीत असते. घराच्या एका भागात छोटं दुकान किंवा काम चालवत असाल, महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत असेल आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लागू राहतो. पोळीभाजी केंद्र, मेंदी-ब्लाउजचं काम, शिकवणी यांना याचा आधार आहे. मर्यादा ओलांडली की मात्र वर्ग बदलू शकतो, म्हणून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेताना मीटरकडे एक नजर ठेवा. वर्ग चुकीचा आहे हे माहीत असूनही गप्प बसू नका. स्वस्त वर्गात बसून महाग वापर केला आणि तो तपासणीत सापडला, तर मागची वसुली होते आणि छोट्या धंद्याचं कंबरडं मोडतं.

नळ किती जाड आणि पाणी किती

'मंजूर भार' हा शब्द बिलावर असतो आणि तो बहुतेकांना युनिटांसारखाच वाटतो. युनिट म्हणजे महिन्यात भरलेल्या बादल्या. मंजूर भार म्हणजे नळाची जाडी. एका वेळी जास्तीत जास्त किती पाणी येऊ शकेल ते त्यावरून ठरतं. जाड नळाचं भाडं जास्त, मग तुम्ही त्यातून एकच बादली भरा.

२० किलोवॅटपर्यंतच्या छोट्या जोडणीला स्थिर आकार दरमहा जोडणीमागे ठरलेला असतो, त्यामुळे तिथे फार डोकं लावायला नको. २० किलोवॅटच्या वर गेलात की नळाच्या जाडीचे पैसे सुरू होतात. महिन्यातली सर्वाधिक मागणी (एका वेळी प्रत्यक्ष ओढलेली सर्वांत जास्त वीज) किंवा कंपनीशी करार केलेल्या मागणीचा ठरावीक भाग यांतलं जे जास्त त्यावर आकारणी होते, आणि करारापेक्षा जास्त ओढलंत तर वर दंड.

माझ्याकडे एक छापखाना आहे. त्यांनी मोठं जुनं ऑफसेट मशीन विकून टाकलं. ते उचलायला क्रेन आली, भिंत फोडावी लागली, सगळ्या गल्लीने बघितलं. मंजूर भार मात्र तसाच राहिला. मशीन गेलं आणि मालक त्याच्या नळाचं भाडं भरत बसले. भार कमी करायचा अर्ज दिल्यावर तो प्रश्न सुटला. अर्ज देण्याआधी मी त्यांना दोन गोष्टी बघायला सांगितल्या होत्या. पुढच्या दोन वर्षांत नवं मशीन घ्यायचा विचार आहे का? कारण भार परत वाढवायचा तर पुन्हा अर्ज आणि खर्च. आणि २० किलोवॅटची रेषा ओलांडून खाली आल्यावर युनिटचा दर नेमका किती होतो? दोन्ही टप्प्यांचे दर वेगळे असतात.

या सर्वाधिक मागणीबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. "मोटर सुरू होताना झटका घेते, त्या झटक्याचे पैसे लागतात." तसं नसतं. मागणी अर्ध्या तासाच्या सरासरीने मोजतात. त्या अर्ध्या तासात जितकी युनिटं गेली त्याची दुप्पट, म्हणजे मागणी. काकांची तीन यंत्रं आहेत, प्रत्येकी ५ हॉर्सपॉवर. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. तिन्ही पूर्ण भाराने अर्धा तास एकदम चालली तर ५.६ युनिटं जातात, म्हणजे मागणी ११.२ किलोवॅट. एक बंद ठेवून दोनच चालवली तर साडेसात. सेकंदभराच्या झटक्याने यात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. फरक पडतो तो 'सगळं एकदम' चालवण्याने. ज्यांना मागणीप्रमाणे आकार लागतो त्यांनी ओव्हन, एसी आणि कॉम्प्रेसर यांची वेळ अर्ध्या तासाने मागेपुढे केली तरी काम तेवढंच होतं आणि आकडा खाली येतो.

मोठ्या जोडण्यांच्या बिलावर किलोवॅटऐवजी 'केव्हीए' दिसतं. उसाच्या रसाचा ग्लास डोळ्यांसमोर आणा. वरचा फेसही ग्लासात जागा अडवतो, पण तहान भागते ती रसाने. केव्हीए म्हणजे फेसासकट अख्खा ग्लास, किलोवॅट म्हणजे नुसता रस. जुन्या मोटरी आणि वेल्डिंग मशिनं फेस जास्त काढतात. कपॅसिटर नावाचा डबा बसवला की फेस कमी होतो. तो बसवलेला असूनही बंद पडलेला असतो, असं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. इलेक्ट्रिशियनला वर्षातून एकदा तरी तपासायला सांगा.

दुपारची वीज आणि संध्याकाळची वीज

आता सर्वांत जास्त गोंधळ असलेल्या विषयाकडे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. १० किलोवॅटपेक्षा जास्त मागणी असलेल्या वाणिज्यिक आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून आणि शेती सोडून बाकी सगळ्यांना १ एप्रिल २०२५ पासून वेळेनुसार दर लावायचे, असं त्यात ठरलं. स्मार्ट मीटर असेल तिथे. ऊन असतानाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी. गर्दीच्या तासांत वाणिज्यिक आणि औद्योगिक ग्राहकांना तो नेहमीच्या किमान १.२ पट.

असं का? संध्याकाळी सहाला दादरला विरार लोकल पकडून बघा. तीच गाडी, तेच रूळ, पण दुपारी दोनला बसायला जागा आणि सहाला दारात लटकायलाही नाही. विजेचं तसंच झालंय. दुपारी सौर ऊर्जा मुबलक असते. सूर्य मावळला की ती संपते आणि नेमके तेव्हाच घरातले दिवे, टीव्ही, एसी सुरू होतात.

हिशेब सोपा राहावा म्हणून नेहमीचा दर युनिटला १० रुपये धरू, म्हणजे दुपारी ८ आणि गर्दीत १२. कांडपासारखा दिवसाचा धंदा, महिन्याला १००० युनिटं. त्यातली ६०० उन्हाच्या तासांत, २५० गर्दीत, १५० इतर वेळी. ४८०० अधिक ३००० अधिक १५००, एकूण ९३००. सरसकट दराने १०,००० झाले असते. आता संध्याकाळी चालणारं चायनीजचं दुकान घ्या. २०० दुपारी, ६५० गर्दीत, १५० इतर. १६०० अधिक ७८०० अधिक १५००, म्हणजे १०,९००. वीज तेवढीच, फरक सोळाशे रुपयांचा, आणि हा फक्त वीज आकारातला. शुल्काचे टक्के यावर आणखी.

इथे जुन्या धंदेवाल्यांची फसगत होते. मुंबईत पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ ही स्वस्त वेळ होती. माझ्या ओळखीच्या एका दूधवाल्या भाऊंनी त्या काळात डीप फ्रीजरना टायमर लावला, रात्रभर जोरात गार करायचं आणि दिवसा आराम. हुशारीच ती. पण सवलतीची वेळ रात्रीवरून दिवसाकडे सरकली तरी टायमर तसाच. तुमच्याकडे असा टायमर असेल तर चालू दरपत्रकातले तास बघा आणि आजच फिरवा. तुमच्या कंपनीचे नेमके तास आणि दर तिच्या दरपत्रकात छापलेले असतात.

"पण वडापाव संध्याकाळीच खपतो, गिऱ्हाइकाला दुपारी बोलवू का?" असं मला तोंडावर विचारलंय, आणि बरोबरच आहे. गिऱ्हाईक सरकत नाही, पण तयारी सरकते. चटणी-पीठ वाटणं, बर्फ जमवणं, फ्रीजर खोल गार करून ठेवणं, लाँड्रीचा मोठा घाणा, डिलिव्हरीच्या स्कूटरची चार्जिंग, ही कामं दुपारी होऊ शकतात. काहीच सरकत नसेल तर वाढीव खर्च आधी मोजून तो भावात धरा. वर्षाअखेरीला तो कळण्यापेक्षा हे बरं.

मग कंपनी बदलायची की नाही?

तुम्ही कुठे आहात त्यावर आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, वांद्र्यापासून पुढे उपनगरांत मुख्यतः अदाणी, मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात महावितरण. टाटा पॉवरचा परवाना शहर आणि उपनगरांच्या मोठ्या भागाला लागू आहे. टाटा थेट छोट्या ग्राहकांनाही वीज देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं, आणि २००९ मध्ये आयोगाने उपनगरांत दुसऱ्याच्या तारांवरून पुरवठा बदलण्याची वाट मोकळी केली. तारा एकाच्या, वीज दुसऱ्याची. बेस्टच्या हद्दीत ही सोय नाही. तिथे टाटाची स्वतःची तार तुमच्या इमारतीपर्यंत आली असेल तरच पर्याय उघडतो. म्हणजे लालबागच्या काकांचा मूळ प्रश्न त्यांच्या गल्लीतल्या तारांपाशीच अडला.

उपनगरांतल्या ज्या दुकानदारांना निवड आहे, त्यांनी २००९ नंतर काय झालं ते लक्षात ठेवावं. स्वस्त युनिट बघून हजारो ग्राहक गेले. मग २०११ मध्ये आयोगाने त्यांच्यावर जुन्या कंपनीसाठीचा क्रॉस-सबसिडी अधिभार लावला. एकत्र कुटुंबात जास्त कमावणारा वेगळा झाला की उरलेल्यांचं घर चालवायला त्याच्याकडून वर्गणी मागतात, तसं. मोठे ग्राहक जास्त दर भरतात म्हणून छोट्या घरांना स्वस्त पडतं. ते निघून गेले की खड्डा कोणीतरी भरावा लागतो. गेलेल्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्यांनी जो हिशेब केला होता त्यात ही ओळ नव्हती.

म्हणून दोन्ही कंपन्यांची दरपत्रकं शेजारी ठेवा, आपल्याच बारा बिलांतली युनिटं दोन्हींत घाला, वहन आकार, अधिभार आणि शुल्क धरून बेरीज करा. सुरक्षा ठेवही धरा. ती सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असते आणि नव्या ठिकाणी नव्याने भरावी लागते. जुनी ठेव परत मिळेपर्यंत तेवढे पैसे अडकतात. वर्षाला दोन-तीन हजारांचा फरक निघत असेल तर माझं मत विचाराल तर हलू नका. फरक महिन्याला तेवढा असेल तर जरूर हला.

स्मार्ट मीटर जास्त पळतो, त्याचं काय?

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. ज्याचं महिन्याचं गणित काठावर आहे, त्याला बिलातली अचानक वाढ परवडत नाही. शंका आली तर लेखी तक्रार करा. नियमाप्रमाणे तक्रारीनंतर पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून बघायचे असतात. त्यासाठी भांडावं लागत नाही, मागावं लागतं. स्मार्ट मीटरने आधीच्या काळातली मागणी जास्त दाखवली म्हणून मागचा दंड लावता येत नाही. मंजूर भार वाढवायचा तर एका आर्थिक वर्षात तो किमान तीनदा ओलांडलेला असावा लागतो. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. दोन्ही ठिकाणी वकिलाशिवाय जाता येतं.

स्मार्ट मीटरचा फायदाही घ्या. कोणत्या तासाला किती वीज गेली हे त्यात कळतं, आणि वरचा सगळा हिशेब त्याशिवाय अंदाजपंचेच राहतो.

सोलर आणि बाहेरची वीज

थोडक्यात सांगते, कारण बहुतेक छोट्या धंद्यांना हे लागू नाही. थेट बाहेरच्या उत्पादकाकडून हरित वीज घ्यायला २०२२ च्या नियमांनुसार १०० किलोवॅटची मर्यादा आहे, गल्लीतलं दुकान तिथवर जात नाही. सोलरला गच्ची लागते आणि मुंबईत ती सोसायटीची असते. स्वतःची शेड असेल आणि धंदा दिवसाचा असेल तर जरूर विचारा. पण दुपारची वीज मुळातच स्वस्त झाली असेल तर सोलरची बचतही त्या स्वस्त दरानेच मोजायची, हे विकणारा सांगत नाही.

काकांनी वर्ग बदलायचा अर्ज एप्रिलमध्ये दिला. सोबत दुकानाचा परवाना, यंत्रांची बिलं आणि त्यांवरच्या पाट्यांचे फोटो. तपासणीला माणूस आला त्या दिवशी ऐन हंगाम होता. तो रुमाल नाकाला लावून आत गेला, तिन्ही यंत्रांवरचे आकडे लिहून घेतले आणि बाहेर येऊन पाच मिनिटं शिंकत राहिला. काकूंनी त्याला पाणी दिलं. नव्या वर्गाचं पहिलं बिल पावसाळ्यात आलं. काकांनी ते दुकानात आणलं, चष्मा लावला, आणि सगळ्यांत आधी वरच्या कोपऱ्यातला वर्ग वाचला, मग खालची रक्कम.